नळी घालून अर्धा किलो

उत्पला म्हणाली, पप्पा, फक्त एकवीस दिवस.
एकवीस दिवसांत शरीराला सवय लागते म्हणे.
मी म्हटलं, बाई, या शरीराला साठ वर्षं झाली सवय लागून,
त्यातली तेहतीस स्वारगेटच्या वर्कशॉपात,
बसखालून निघालेल्या काळ्या हातांनी डबा खात.

तिने मोबाईलवर वासरू दाखवलं.
आईपासून ओढून नेताना
त्याचे पुढचे पाय ओल्या फरशीवर घसरत होते.
मी बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.
मग चहा प्यायलो, दुधाचा,
तो नेहमीसारखाच घशाखाली गेला.
त्याचीच जास्त भीती वाटली.

पहिले दिवस सोपे. मटकी, पावटा, कूट घालून दोडका.
सिंधू म्हणाली, माझं बालपण सगळं चटणी-भाकरीवर गेलं,
तेव्हा कुणी त्याला एवढं छान नाव दिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रविवार.
पिशवी कधी उचलली कळलं नाही,
येरवड्याहून निघालो तो थेट कॅम्पात, शिवाजी मार्केटला.
सतरा वर्षांत गफूरभाईला मी तोंडाने काही मागितलेलं नाही.
मी लांबून दिसलो की त्याचा हात चालू होतो:
नळी घालून अर्धा किलो, चरबी बेताची,
वर कलेजीचा एक तुकडा, तो वजनात नाही.
बँकेत मला दर नोव्हेंबरला
जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो.
इथे नाही लागत.

आज नको, म्हटलं.
सुरा थांबला. तबियत?
बरी आहे.
घरात कुणी गेलं?
नाही रे.
श्रावण तर तुम्ही धरत नाही, तो म्हणाला,
आणि पुढे त्याच्याकडे कारणंच उरली नाहीत.
माझ्याकडेही.

उत्पलाला एक गोष्ट अजून नीट सांगता आलेली नाही.
एक्याण्णव साली नारायण पेठेत खोली बघायला गेलो.
मालक सभ्य. आडनाव नाही विचारलं.
विचारलं, तुमच्यात चालतं का?
मी म्हटलं, नाही.
मग दोन वर्षं नाहीच चाललं.
बोंबील भाजायचा तर सिंधूच्या माहेरी, विश्रांतवाडीला,
परतताना बसमध्ये हात हुंगत,
लिंबाने तीनदा धुतलेले.
मग येरवड्यात स्वतःचे पत्रे पडले डोक्यावर,
त्या रात्री मटण शिजवलं
खिडक्या सताड उघड्या टाकून.
तू पोटात होतीस. आईने दोनदा वाढून घेतलं.

ती म्हणते, पप्पा, त्यांचं वेगळं होतं, माझं वेगळं आहे.
खरंय. वासरू तर माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही.
पण सोडायचं म्हटलं की हात आधी
त्या जुन्या खिडकीच्या कडीकडे जातो.
मी म्हटलं, त्या मालकांना सांग ना, तूप सोडा म्हणून.
ती हसली.
मग म्हणाली, त्यांच्या नातीला सांगितलंय. माझ्याच टीममध्ये आहे.

काल तिने सोयाच्या दुधाचा चहा टाकला.
आलं ठेचून, गवती चहा घालून.
उकळी आली आणि फाटला.
दोघं पातेल्यात बघत उभे.
खरं सांगू, ती म्हणाली,
ऑफिसात चार वाजता सगळे टपरीवर जातात,
मी जागेवरच बसते. वास सहन होत नाही, इतका हवासा वाटतो.
मी गाळणी धरली. तिने ओतला.
चोथा बराच निघाला.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज फुली मारते.
तिच्या हिशेबाने आज बारावा दिवस.
माझ्या हिशेबाने सातवा.
गफूरभाईचा हात थांबलेला बघवला नाही त्या रविवारी,
पावशेर घेतलं,
आणि बंडगार्डनच्या पुलापर्यंत
पिशवी या हातातून त्या हातात करत आलो.